आपल्याच शिवारात जमिनीचं संशोधन: शेतकरी गटांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात आमचा शेतकऱ्यांचा गट आहे. क्षारपड (क्षार साचून बिघडलेली जमीन), पाचट (ऊस तोडल्यावर उरणारा पाला), निचरा आणि घटत चाललेला सेंद्रिय कर्ब या विषयांवर आम्ही गेली काही वर्षं शास्त्रज्ञांबरोबर स्वतःच्या शेतात चाचण्या घेतो. इतर गावांतले गट फोनवर किंवा बांधावर येऊन जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच आम्ही सगळ्यात जास्त ठेचकाळलो.

संशोधनात भागीदारी म्हणजे काय? चाचणीला प्लॉट दिला की झालं ना?

नाही. कृषी विज्ञान केंद्रं शेतकऱ्याच्या रानात मुख्यतः दोन प्रकारची कामं करतात. एक आद्यरेषा प्रात्यक्षिक: जे तंत्र आधीच सिद्ध झालंय ते गावाला दाखवायचं. दुसरं प्रक्षेत्र चाचणी: विद्यापीठाची शिफारस या भागात, या मातीत लागू पडते का ते तपासायचं. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण दोन्हींत बहुतेक वेळा जमीन तुमची आणि निर्णय दुसऱ्याचा असतो.

प्रश्न ठरवताना, पट्टे आखताना, नोंदी वाचताना आणि शेवटी निष्कर्ष काढताना तुम्ही तिथे बसलेले असाल, तरच ती भागीदारी. आमच्या गटात याची एक सोपी परीक्षा आहे. शेजाऱ्याने बांधावरून विचारलं, ‘हे कशासाठी चाललंय?’ तर साहेबांना फोन न लावता त्याला सांगता आलं पाहिजे.

कुणाकडे जायचं?

आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात. मग तुमच्या विभागाच्या कृषी विद्यापीठाचं जे संशोधन केंद्र जवळ असेल तिथे. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) ही आपली चार विद्यापीठं. त्यांच्या मुख्यालयांपेक्षा तालुक्या-जिल्ह्यांतली लहान केंद्रं शेतकऱ्याच्या जास्त उपयोगाची असतात. आमच्याकडे क्षारपडीचा विषय निघाला की सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या केंद्राचं नाव येतं, कोरडवाहू म्हटलं की सोलापूरचं.

याखेरीज नागपूरला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे (१९७६). आपल्या भागातल्या मातीचे प्रकार, खोली, उतार यांचा अभ्यास त्यांच्याकडे आहे. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर, म्हणजे दुष्काळ, उष्णता, क्षार अशा गोष्टींवर, काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. क्षारांच्या बाबतीत देशातली जुनी संस्था हरियाणात कर्नालला आहे, १९६९ पासूनची. पण पहिल्याच दिवशी कर्नालला पत्र पाठवण्यात अर्थ नाही. तुमचं रान ज्याला तासाभरात गाठता येतं, असा माणूस आधी जोडा.

एक वेळापत्रक मात्र नक्की पाळा. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते, तिच्यात शेतकरी प्रतिनिधीही असतात आणि पुढच्या वर्षाच्या चाचण्यांचा आराखडा तिच्यासमोर मांडला जातो. त्या बैठकीच्या दीडदोन महिने आधी आपला प्रश्न लेखी द्या. बैठक झाल्यावर गेलात तर शास्त्रज्ञाची इच्छा असली तरी आराखडा भरलेला असतो आणि तुमचं एक वर्ष जातं.

आमच्याकडे संशोधनाचा विषय नाही, नुसती अडचण आहे. चालेल का?

अडचण हाच विषय, फक्त ती नेमकी करावी लागते. ‘जमीन खराब झाली’ यावर कुणालाच काम करता येत नाही. ‘ओढ्याकडच्या खालच्या दहा गुंठ्यांत उगवण होत नाही आणि त्याच ठोकात वरच्या वीस गुंठ्यांत होते, असं का?’ यावर करता येतं. आम्ही हे एका रात्री मारुतीच्या देवळात बसून केलं. म्हाताऱ्या मंडळींना विचारलं, हे रान कधीपासून पांढरं पडायला लागलं? विहिरीचं पाणी कधी मचूळ झालं? त्या आधी तिथे काय पिकत होतं? ज्या वर्षांची नावं निघाली ती पाटपाणी आल्यानंतरची होती. अर्धा शोध तिथेच लागला.

प्रश्न तुमच्या मातीतून आला पाहिजे हा आग्रह का, त्याचं विदर्भातलं उदाहरण देतो. जमिनीतल्या मातीकणांवर चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण शेकडा १५ च्या वर गेलं की जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) धरायची, ही मर्यादा १९५४ साली अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेच्या पुस्तिकेतून जगभर गेली. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पसरलेला खारपाणपट्टा हा भारी काळ्या मातीचा. नागपूरच्या ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी त्या मातीचा अभ्यास केला, तेव्हा सोडियम १५ च्या बराच खाली असतानाही पाणी मुरण्याचा वेग घसरलेला आढळला. म्हणजे अहवालात ‘ठीक’ लिहिलेली जमीन शेतात ठीक नव्हती. दुसऱ्या देशाच्या मातीवर ठरलेला आकडा आपल्या काळीला तसाच लावता येत नाही, आणि हे कळायला त्या शिवारातच खड्डे खणावे लागतात.

मृदा आरोग्य पत्रिका आहे. मग पुन्हा माती तपासायची कशाला?

पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारा घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. पण योजनेची मूळ रचना अशी की बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना. त्या चौकटीत सहा जणांची रानं असतील तर सहाही पत्रिकांवर एकच आकडा येऊ शकतो, आणि माती कदाचित शेजाऱ्याच्या शेतातली असते. गावाच्या खताचं नियोजन करायला हे पुरतं, तुमच्या ठोकातल्या चाचणीला पुरत नाही.

दुसरं म्हणजे पत्रिका मातीचं रसायन सांगते. माती घट्ट किती झाली, पाणी किती वेगाने मुरतं, रोटाव्हेटरच्या पात्याखाली कडक थर बसलाय का, मुळं किती खोल गेली, हे तिच्यात नसतं. त्यासाठी दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्या आणि शास्त्रज्ञाला त्यात उतरवा. खड्ड्याच्या भिंतीत सुरी टोचत वरून खाली जायचं. सुरी अडकली तो कडक थर. आमच्या एका सभासदाने वीस वर्षं त्या रानात ऊस घेतला होता. एका बाजूला वळून आडव्या पसरलेल्या मुळ्या त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही.

नमुना घेताना काय सांभाळायचं?

पद्धत बहुतेकांना ठाऊक असते: नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, १५ ते २० सेंटीमीटरपर्यंतची माती, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी नमुना नको, आणि नुकतं खत टाकलेलं असताना तर नकोच.

संशोधनासाठी तीन गोष्टी जास्तीच्या. दरवर्षी नमुना त्याच जागी, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवर घ्यायचा. प्रयोगशाळा मध्येच बदलायची नाही. आणि प्रत्येक नमुन्यातली निम्मी माती सावलीत वाळवून, नाव-तारीख घालून स्वतःकडे बरणीत ठेवायची. पाच वर्षांनी एखादा आकडा विचित्र आला तर या बरण्याच कामाला येतात.

अहवालात क्षारता कमी दिसते, पण रान तर पांढरं पडलंय. खोटं कोण?

बहुतेकदा कुणीच नाही. क्षारता मोजायच्या दोन पद्धती आहेत. प्रयोगशाळा सहसा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. क्षारपड ठरवायची जी प्रसिद्ध मर्यादा आहे, ४ डेसीसायमन प्रति मीटर, ती मात्र माती जेमतेम संपृक्त होईल एवढंच पाणी घालून काढलेल्या द्रावणाची आहे. पहिल्या पद्धतीत पाणी जास्त, म्हणून आकडा बराच लहान येतो. तो लहान आकडा ४ शी ताडून पाहिला की बिघडलेली जमीनही चांगली वाटते. अहवाल हातात आला की आधी विचारा, कोणत्या पद्धतीने मोजलंय?

क्षारपड आणि चोपण यांतला फरकही याच वेळी समजून घ्या. क्षारपडीत विरघळणारे क्षार जास्त असतात आणि सामू सहसा साडेआठच्या आत. चोपणीत सोडियम मातीला चिकटलेला, सामू साडेआठच्या वर, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. जिप्सम हे चोपणीचं औषध. नुसत्या क्षारपडीला ते टाकून पैसे वाया जातात. आणि निचरा नसेल तर दोन्हीकडे काहीच चालत नाही, कारण सुटा झालेला क्षार वाहून जायला वाट लागते.

क्षारपड जमीन एकट्याने सुधारता येते का?

क्वचित. संशोधन-भागीदारी सगळ्यात जास्त कुठे लागते ते याच विषयात दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

उपसा योजना आणि कालवे आले, ऊस वाढला, पाटाने भरपूर पाणी दिलं गेलं. भारी काळ्या जमिनीत ते लवकर झिरपत नाही. खालची पाणीपातळी वर वर येत गेली आणि ती मुळांच्या थरापर्यंत पोहोचली की वातीतून तेल चढावं तसं पाणी पृष्ठभागाकडे ओढलं जाऊ लागलं. पाणी उडून गेलं, क्षार वर राहिले. आधी ऊस पिवळा, मग टनेज निम्म्यावर, मग नुसता लव्हाळा, मग पांढरी खपली.

उपाय म्हणजे जमिनीखाली साधारण मीटरभर किंवा थोड्या जास्त खोलीवर भोकं पाडलेले, गाळणी गुंडाळलेले पाइप अंथरायचे, ते मुख्य पाइपला जोडायचे आणि तो ओढ्या-नाल्यात सोडायचा. इथेच एकट्याचं काम संपतं. तुमचं रान वर असेल तर मुख्य पाइप खालच्या चौघांच्या रानातून न्यावा लागतो. खाली असेल तर वरच्यांचं पाणी तुमच्याकडेच येत राहतं, तुम्ही कितीही पाइप पुरले तरी. शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेतला तेव्हा म्हणूनच गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून पट्टाच्या पट्टा हाती घेतला. वर्षानुवर्षं पडीक असलेल्या त्या जमिनींत आज पुन्हा ऊस उभा आहे. तिकडे जाऊन बघा, आणि शेतकऱ्यांना निचऱ्याबरोबर भांडणं कशी मिटवली तेही विचारा.

शास्त्रज्ञ इथे कशाला लागतो? दोन पाइपांमध्ये किती अंतर ठेवायचं हे मातीतून पाणी किती वेगाने सरकतं यावर ठरतं, आणि तो वेग शेतात भोक पाडून मोजावा लागतो. शेजारच्या गावाचं अंतर उचललं आणि तुमची माती जास्त चिकण निघाली, तर दोन पाइपांच्या मधला पट्टा तसाच क्षारपड राहतो. जमिनीतला पाइप उपसून पुन्हा टाकणं कुणाला परवडत नाही. दोनशे फूट पाइप वाचवायच्या नादात लाखोंचं काम फुकट गेलेलं आम्ही जवळून पाहिलंय.

आणि एक प्रश्न आम्ही आमच्या भागीदारांपुढे दरवर्षी ठेवतो. पाइपांतून निघालेलं खारं पाणी, त्याबरोबर धुपून जाणारं नत्र, हे शेवटी ओढ्यातून नदीत जातं. खालच्या गावाने ते पाणी उचललं तर? म्हणून आमच्या चाचणीत पाइपाच्या तोंडाशी पाण्याची क्षारता दर महिन्याला मोजून वहीत लिहिली जाते. माझी जमीन सुधारली आणि खालच्याची बिघडली, तर त्याला सुधारणा म्हणायला मी तयार नाही. पाणी कमी देणं, म्हणजे ठिबक आणि वाफसा पाहून पाळी, हे निचऱ्याच्या आधीचं काम आहे आणि त्यातली वाफसा पाहून पाळी देणं तर बिनखर्चाने आजही सुरू करता येतं.

आमचं गाव कोरडवाहू आहे. निचरा आमचा प्रश्नच नाही.

तुमचा प्रश्न उलटा: माती आणि पाणी दोन्ही वाहून जातं. सोलापूरला या विषयावर १९३० च्या दशकापासून संशोधन चालू आहे, त्यामुळे सुरुवात शून्यातून करायची गरज नाही. जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव पाहून या. तिथे १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावाला बरोबर घेऊन इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम केलं, आणि पुढे हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने त्याचं मूल्यमापनही केलं. काम करणारा एक आणि मोजणारा दुसरा, ही रचना मला फार योग्य वाटते.

राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात असाल तर गावाचा पाण्याचा ताळेबंद मागून घ्या. तो मांडायच्या पद्धतीवर मुंबईच्या आयआयटीने काम केलंय. त्या कागदात तुमच्या शिवारातल्या मातीची खोली गृहीत धरलेली असते. ती प्रत्यक्षाशी जुळते का हे तुम्हीच पाहू शकता.

चाचणी कशी आखायची? एका बाजूला नवं, एका बाजूला जुनं, एवढं पुरे का?

पुरत नाही. एकाच एकरात माती तीनदा बदलते. आमची पहिली चाचणी पाचट कुजवण्याची होती आणि आम्ही मोठ्या उत्साहाने रस्त्याकडेचं चांगलं रान नव्या पद्धतीला दिलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) जोरदार आला. पाचटाने आला की मुळातल्या चांगल्या मातीने, हे सांगता येईना. वर्ष वाया गेलं.

आता आम्ही असं करतो. रानाचे उताराच्या दिशेने लांबच लांब पट्टे पाडतो, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वरची आणि खालची दोन्ही माती मिळते. किमान तीन-चार जोड्या करतो, आणि कोणत्या पट्ट्यात नवी पद्धत हे चिठ्ठ्या टाकून ठरवतो. चिठ्ठ्यांचा हा विचार शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी शास्त्रात आणला. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हात आपोआप चांगल्या मातीकडे जातो, म्हणून.

तुलनेचा पट्टा सोडायला शेतकरी नाखूष असतो आणि ते साहजिक आहे. त्या पट्ट्याचं उत्पन्न बुडेल असं वाटतं. पण चांगल्या पावसाच्या वर्षी सगळंच पिकतं आणि जो तो आपल्या औषधाला श्रेय देतो. तुलनेचा पट्टा नसलेल्या चाचणीत आमचा गट भाग घेत नाही. हा एकच नियम आम्ही आजवर मोडलेला नाही.

निकाल दिसायला किती वर्षं लागतात?

पाणी मुरणं, गांडुळं, मातीचा भुसभुशीतपणा यांत दोन-तीन हंगामांत फरक जाणवतो. सेंद्रिय कर्बाला वेळ लागतो, आणि का ते हिशोबानेच पाहा. एक हेक्टर जमिनीतल्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचं वजन साधारण २,२४० टन धरतात. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे त्या थरात सव्वादोन टन निव्वळ कर्ब टिकवून ठेवायचा. एकरी चार टन, म्हणजे हेक्टरी दहा टन शेणखत घातलंत, तर त्यात जवळपास निम्मं पाणीच. उरलेल्या पाच टनांत कर्ब दीड-दोन टन, आणि आपल्या उन्हात त्यातला बहुतेक कुजून हवेत जातो. तेव्हा ‘एका वर्षात कर्ब ०.४ वरून ०.८’ असं कुणी सांगत आलं, तर आधी नमुने कुठून घेतले ते विचारा. एकाच रानात दहा पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांतही ०.१ चा फरक सहज येतो.

अडचण अशी की विद्यार्थ्याचा प्रबंध दोन वर्षांत संपतो, प्रकल्प तीन वर्षांत. विद्यापीठाची शिफारस संयुक्त ॲग्रेस्कोपुढे, म्हणजे चारही विद्यापीठांच्या एकत्रित संशोधन बैठकीपुढे, जाते तीही साधारण तीन वर्षांच्या आकड्यांवर. माती मात्र त्या वेळापत्रकाने चालत नाही. रॉथमस्टेडला एका शेतात १८४३ पासून तोच प्रयोग चालू आहे. आपल्याकडेही अकोला आणि परभणीला खतांचे दीर्घकालीन प्रयोग आहेत. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातलं कांझरा आणि किनखेड, या गावांत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७५ पासून कुटुंबांच्या शेतीच्या नोंदी घेतल्या. एका माणसाने गावातच राहून नोंदी घ्यायच्या, अशी त्या कामाची पद्धत होती.

तुम्हाला एवढं लांब जायचं नाही. पण करार तीन वर्षांचा असला तरी पट्ट्यांच्या खुणा आणि नोंदवही गटाने पुढे चालू ठेवायची. सहाव्या आणि दहाव्या वर्षी पुन्हा नमुने घ्यायला शास्त्रज्ञ आनंदाने येतात, कारण अशी रानं त्यांना सहसा मिळत नाहीत.

खर्च कुणाचा? नुकसान झालं तर?

सहसा तपासणी आणि चाचणीतल्या निविष्ठा (बियाणं, खतं वगैरे) संस्थेच्या, मजुरी आणि पाणी तुमचं. नुकसानीबद्दल बहुतेक कागदांत काहीच लिहिलेलं नसतं. आम्ही गटाच्या पैशातून छोटा निधी ठेवलाय. तुलनेच्या पट्ट्यात किंवा फसलेल्या पट्ट्यात उत्पन्न घटलं तर फरकाचा काही भाग गट देतो. चाचणीचं क्षेत्र दहा-वीस गुंठ्यांच्या वर नेत नाही. अडीच एकर असलेल्या माणसाने एक एकर प्रयोगाला देऊ नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

लेखी करार हवाच का? त्यात काय असावं?

हवाच. आमच्या सुरुवातीच्या काळात एका संस्थेतून संशोधक आले, चौदा शेतांतून माती नेली, चहा झाला, फोटो झाले. अहवाल कधीच आला नाही. फोन केले तेव्हा कळलं की तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला. ज्या बायकांनी भर उन्हात नमुने काढायला मदत केली होती त्या आजही विचारतात, ‘आपल्या मातीचं काय निघालं हो?’ माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हापासून साध्या मराठीत दोन पानी सामंजस्य करार केल्याशिवाय आम्ही कुदळ उचलत नाही.

त्यात पहिली अट: निकाल मराठीत, ठरलेल्या तारखेला, गावात येऊन सांगायचे, चाचणी फसली असली तरी. शेतकऱ्याचं नाव, सातबारा, शेताचे नकाशावरचे अंक (अक्षांश-रेखांश) परवानगीशिवाय कुणाला द्यायचे नाहीत; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे मागणं आणखी सोपं झालंय. मूळ आकड्यांची एक प्रत गटाकडे राहील. शोधनिबंध निघाला तर गटाचा उल्लेख होईल. चाचणी मध्येच सोडायची झाली तर दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी कळवायचं, तेही.

मातीतले जिवाणू वेगळे काढून त्यांचं उत्पादन करायचा विचार असेल तर थांबा. जैवविविधता कायदा, २००२ मध्ये सूक्ष्मजीवही येतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा, आणि लाभातल्या वाट्याचं काय हे आधी विचारा.

कंपनी आली तर? जैविक खतं, कार्बन क्रेडिट वगैरे?

यायला हरकत नाही, अटी त्याच. चिठ्ठ्या टाकून पट्टे, तुलनेचा पट्टा, तपासणी तिसऱ्या प्रयोगशाळेत, आणि निकाल वाईट आला तरी जाहीर करायची मोकळीक. शेवटची अट ऐकून बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत.

कार्बन क्रेडिट म्हणजे मातीत साठवलेल्या कर्बाबद्दल कंपनीकडून मिळणारे पैसे. त्याच्या कागदावर सही करण्याआधी मुदत वाचा. तुम्ही किती वर्षं नांगरट न करण्याचं किंवा पाचट न जाळण्याचं वचन देताय? मध्ये जमीन विकली, वाटणी झाली, खंडाने दिली तर काय? माती तपासणीचा खर्च वजा करून हाती किती? आणि तोच कर्ब आणखी कुणी मोजून विकत तर नाही ना? पाचट न जाळणं क्रेडिटशिवायही तुमच्या फायद्याचं आहे, त्यामुळे घाईने सही करण्याचं काही कारण नाही.

ज्ञान नेहमी विद्यापीठाकडूनच यायचं का?

मुळीच नाही. कर्जत तालुक्यातल्या नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यांवर विना-नांगरट भातशेतीचं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) तंत्र स्वतःच्या रानात उभं केलं. वाफा एकदाच करायचा, पीक कापल्यावर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. आज ते भाताच्या पलीकडे इतर पिकांतही गेलंय. त्यात तणनाशक वापरलं जातं, आणि त्याचा मातीतल्या जीवांवर दीर्घकाळात काय परिणाम होतो हे विचारणं योग्यच आहे. असा प्रश्न मला शास्त्रज्ञ आणि शेतकऱ्याने मिळून घ्यायचा उत्तम विषय वाटतो: तंत्र शेतकऱ्याचं, मोजमाप शास्त्राचं.

खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्यांना यात घेता येतं का? आणि बायकांना?

घेतलंच पाहिजे. अकरा महिन्यांच्या खंडावर रान कसणारा हिरवळीच्या खतासाठी ताग का गाडेल? फायदा पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी रान त्याच्याकडे असेलच असं नाही. आम्ही दोन ठिकाणी मालक आणि खंडकरी दोघांना एकत्र बसवून चाचणीपुरता तीन वर्षांचा शब्द घेतला. दोन्हीकडे तो पाळला गेला.

बायकांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून बैठकीच्या यादीतही नसतं. पण रानात सगळ्यात जास्त वाकून मातीकडे त्याच बघतात. लव्हाळा कुठून पुढे सरकतोय, कोणत्या सरीत खुरपं अडतं, कुठे माती हाताला साबणासारखी लागते, हे भांगलणाऱ्या बाईला अहवालाच्या आधी ठाऊक असतं. आमची बैठक आता संध्याकाळी सातला होत नाही, दुपारी रानातच होते, जेवणाच्या सुट्टीत.

‘काही फरक नाही’ असा निकाल आला तर?

तोही लिहून ठेवा आणि चावडीवर सांगा. आम्ही एक महागडं द्रावण तीन वर्षं चार जोड्यांत तपासलं, फरक शून्य. गटातल्या साठ घरांनी ते घेणं थांबवलं.

पहिल्या भेटीला शास्त्रज्ञाकडे जाताना काय न्यायचं?

गटाचा नेमका प्रश्न, एका कागदावर, चार ओळींत. शिवाराचा हाताने काढलेला नकाशा, त्यात उतार, ओढा, विहिरी आणि बिघडलेले पट्टे रंगवलेले. मागच्या तीन-चार वर्षांचं पीक, खत आणि पाण्याच्या पाळ्या, आठवतील तशा. असतील ते सगळे जुने माती-पाण्याचे अहवाल. चांगल्या आणि वाईट जागेची माती, दोन वेगळ्या पिशव्यांत. शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये जा, रान मोकळं असतं तेव्हा, म्हणजे ते लगेच बघायला येऊ शकतील. आणि ते यायच्या आदल्या दिवशी दोन्ही जागी खड्डा खणून ठेवा.